फाइन नॉबवरचा हात

'फोकस करा' हा आजकालचा सर्वांत स्वस्त सल्ला आहे. दहावी-बारावीच्या मुलांना तो शाळेत मिळतो, क्लासमध्ये मिळतो, आणि घरी पाहुणे आले की त्यांच्याकडूनही मिळतो. फलंदाजाला समालोचक देतो, नव्या धंदेवाल्याला व्यवस्थापनाची पुस्तकं देतात. सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांपुढचं चित्र बहुधा एकच असतं: एक बिंदू, त्यावर रोखलेली नजर आणि बाकी सगळ्याकडे पाठ. अर्जुनाला दिसलेला पोपटाचा डोळा या चित्राच्या मदतीला आयताच धावून येतो. हे क्रियापद आपल्याकडे आलं मात्र भिंगांच्या कामातून. ज्यांना पोटापाण्यासाठी दिवसभर अक्षरशः फोकसच करावा लागतो, त्या आम्हा प्रयोगशाळेतल्या मंडळींचा हात या चित्राच्या बरोबर उलट वागत असतो. रक्ताचे, थुंकीचे, लघवीचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे माझं काम. या कामात एकदा फोकस लावून हात बाजूला घेणारा माणूस आज ना उद्या चुकीचा रिपोर्ट देतोच. म्हणून माझं म्हणणं असं, की फोकस करणं ही सतत हलत राहण्याची क्रिया आहे. वस्तू स्पष्ट दिसते त्या क्षणी तिची अर्धीच ओळख पटते. उरलेली अर्धी ओळख ती कशी स्पष्ट होत आली आणि कशी पुसट होत गेली, यात असते. हे ऐकायला तत्त्वज्ञानासारखं वाटेल, पण त्याचा पुरावा काचपट्टीवर आहे.

आधी थोडं भिंगाबद्दल सांगायला हवं. भिंग जितकं ताकदीचं, तितका त्यातून एका वेळी स्पष्ट दिसणारा थर पातळ. टेन एक्स भिंगाखाली साधारण आठ-दहा मायक्रॉन जाडीचा थर एकदम स्पष्ट दिसतो. फॉर्टी एक्सला तो एका मायक्रॉनच्या आसपास येतो. मलेरियाचे किंवा क्षयाचे जंतू बघायला लागतं ते तेलात टेकवून वापरायचं हंड्रेड एक्स भिंग; त्याखाली हा थर उरतो अर्ध्या मायक्रॉनच्या आगेमागे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ मायक्रॉन आणि कडेची जाडी दोन मायक्रॉनहून थोडी जास्त. एवढीशी पेशी, पण तीही वरपासून खालपर्यंत एका वेळी स्पष्ट दिसू शकत नाही. काचेवर पसरून वाळल्यावर ती चपटी होते हे खरं. तरी स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला नमुना, सगळीकडे सारखा नसतो, काच अगदी सपाट नसते, आणि स्लाइड ठेवलेली स्टेज सरकवली की भिंगातून दिसणारं पुढचं फील्ड किंचित वर किंवा खाली निघतंच. हा स्वस्तातल्या यंत्राचा दोष नव्हे. जर्मनीत जेनाला भिंगं बनवणाऱ्या कार्ल झाइसकडे काम करणाऱ्या अर्न्स्ट आबेने १८७३ मध्ये दाखवून दिलं की बारीक तपशील वेगवेगळे दाखवण्याची भिंगाची कुवत ते किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्यावर अवलंबून असते. कोन जितका रुंद तितका स्पष्ट थर पातळ, हे त्याच हिशेबातलं दुसरं कलम. तेलात टेकवायचं भिंगही आबेनेच १८७८ मध्ये आणलं. तपशील हवा तर खोली सोडायची, खोली हवी तर तपशील सोडायचा. जास्त पैसे मोजून हा व्यवहार टळत नाही; उलट महागडं भिंग आणखी पातळ थर पदरात टाकतं.

सूक्ष्मदर्शकाला दोन नॉब असतात ते यासाठी. कोअर्स नॉबने स्टेज भराभर वर-खाली होते. त्याचं काम सुरुवातीलाच संपतं. फाइन नॉबचा एक पूर्ण फेरा म्हणजे बऱ्याच यंत्रांत मिलिमीटरचा एक-दोन दशांश भाग. काम करताना उजवा हात स्टेज सरकवणाऱ्या स्क्रूवर असतो आणि डावा हात या फाइन नॉबवर, आणि तो तिथून निघत नाही. नवशिक्याला पहिल्याच दिवशी दोन नियम सांगितले जातात. भिंग स्लाइडजवळ आणायचं ते बाजूने डोळा लावून, बघत बघत. आयपीसमधून बघायला लागल्यावर भिंग आणि स्लाइड एकमेकांपासून दूर नेत फोकस शोधायचा. हंड्रेड एक्सचं भिंग आणि स्लाइड यांच्यात मिलिमीटरचा एक-दोन दशांश एवढीच फट असते. उलटं केलं की स्लाइड फुटते, आणि भिंगाला चरा गेला तर स्लाइडपेक्षा ते महागात पडतं. गंमत अशी की आमच्या बोलण्यात 'फोकस केला' असं फारसं येत नाही. आम्ही म्हणतो 'फोकस लागला', 'फोकस येत नाही', 'फोकस गेला'. हातच सगळं करतो, पण बोलताना श्रेय आणि दोष दोन्ही फोकसच्या पदरात. ते तितकंसं चुकीचंही नाही, कारण फोकस येत नसेल तर ती पहिली बातमी असते. टेन एक्सला छान दिसणारा स्मिअर फॉर्टी एक्सला दिसेनासा झाला की अनुभवी माणूस नॉबशी झटापट करत बसत नाही, स्लाइड काढून बघतो. बहुतेक वेळा ती पालथी ठेवलेली असते: स्मिअर खालच्या बाजूला, आणि भिंग व स्मिअर यांच्यामध्ये मिलिमीटरभर काच. नाहीतर फॉर्टी एक्सच्या कोरड्या भिंगाला तेल लागलेलं असतं. जे स्पष्ट होत नाही तेही काहीतरी सांगत असतं, याचा हा सर्वांत साधा नमुना.

आता मूळ मुद्द्याकडे. मलेरियाचा पातळ स्मिअर घ्या. तांबड्या पेशीच्या आत जंतूची कोवळी अवस्था कड्यासारखी दिसते: निळसर कडी, तिच्यावर तांबडा ठिपका. फाल्सिपारम या जातीची कडी पेशीच्या व्यासाच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढी, व्हायवॅक्सची तिसऱ्या भागाएवढी. रक्तात प्लेटलेट नावाचे जांभळट कणही असतात, दोन-तीन मायक्रॉनचे. एखादी प्लेटलेट नेमकी तांबड्या पेशीच्या डोक्यावर बसून वाळली की हुबेहूब जंतूसारखी दिसते. रंग जवळपासचा, आकार जवळपासचा, जागाही तीच. चित्र कितीही स्पष्ट असो, नुसत्या चित्रावरून इथे फसायला होतं. अशा वेळी फाइन नॉब केसभर फिरवायचा. जंतू पेशीच्या आत असल्याने पेशीची कड आणि तो एकाच वेळी स्पष्ट होतात आणि एकाच वेळी पुसट होतात. प्लेटलेट पेशीच्या वर असते. ती स्पष्ट होते तेव्हा पेशीची कड जराशी मऊ पडलेली असते, आणि कड धारदार झाली की प्लेटलेट ढळलेली असते. रंगाचा साका बसला असेल तर फरक आणखी ठळक. ते कण पेशींच्या थरापासून अगदी वेगळ्याच उंचीवर चमकतात आणि नॉबबरोबर काळे-पांढरे होत राहतात. म्हणजे 'जंतू आहे की नाही' याचं उत्तर कुठल्याही एका स्पष्ट चित्रात सापडत नाही. दोन चित्रांमधल्या अंतरात ते सापडतं, आणि ते अंतर हलल्याशिवाय दिसत नाही.

जाड स्मिअरमध्ये हे अधिकच जाणवतं. बोटातून काढलेलं रक्त वर्तुळात पसरून तो करायचा. जाडी इतकीच ठेवायची की खाली वर्तमानपत्र धरलं तर ओल्या थेंबातून अक्षरं जेमतेम वाचता यावीत. तो मिथेनॉलने पक्का करत नाहीत, त्यामुळे रंगवताना तांबड्या पेशी फुटून विरघळतात आणि अनेक थरांतले जंतू एकावर एक उरतात. आपल्याकडे त्यासाठी जेएसबी रंग वापरतात. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी तो १९४४ मध्ये दिला. तो पाण्यात विरघळतो, झटपट होतो आणि देशभरातल्या मलेरिया कार्यक्रमाने तो उचलून धरला. या स्मिअरची शंभर फील्ड बघितल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नाही असा नियम आहे. आता शंभर फील्ड म्हणजे शंभर चित्रं समजून जो पुढे सरकत जातो, तो खरं तर प्रत्येक फील्डचा एकच पापुद्रा बघतो आणि बाकीचे थर न बघताच सही करतो. हत्तीरोगाच्या स्लाइडवर तर हे लपतच नाही. नागपूर, वर्धा, चंद्रपूर या पट्ट्यात रात्री घेतलेल्या रक्तनमुन्यांत दिसणारी सूक्ष्म अळी पाव मिलिमीटरच्या पुढे-मागे लांब असते आणि जाड स्मिअरमध्ये ती वेटोळी घेत वर-खाली पडलेली असते. तिचं डोकं स्पष्ट असताना शेपूट धूसर, शेपूट आणलं की मधला भाग गेला. आणि बघायचं असतं नेमकं शेपूट: केंद्रकांची रांग टोकापर्यंत गेली आहे की आधीच थांबली आहे, यावरून अळी वुचेरेरिया जातीची की ब्रुगिया ते ठरतं. या अळीचं आखं, सगळीकडे स्पष्ट असं चित्र तेलाच्या भिंगाखाली कुणी बघितलेलं नसतं. पुस्तकातली आकृती असते ती बघणाऱ्याच्या हाताने वर-खाली करत डोक्यात जुळवलेली.

यावर कुणी म्हणेल की हलवणं हे साधन झालं, साध्य तर स्पष्टताच; नॉब फिरवतो तो शेवटी चित्र धारदार मिळावं म्हणूनच ना? आक्षेप वाजवी आहे, आणि सुरुवातीला सगळे याच समजुतीने शिकतात. पण धारदारपणा विकत मिळतो, तोही फुकट. स्टेजखाली कंडेन्सर असतो, त्याला डायफ्रॅम. तो अरुंद केला की कडा एकदम काळ्या, ठसठशीत होतात आणि स्पष्ट थरही जाड होतो. नवशिक्याला वाटतं, झकास फोकस लागला. खरं तर तपशील मेलेले असतात. दोन जवळचे ठिपके एक झालेले असतात, प्रत्येक कडेभोवती खोटी वलयं उमटलेली असतात, आणि भिंगावरची धूळसुद्धा स्मिअरचा भाग असल्याच्या थाटात हजर होते. रंगवलेल्या स्मिअरवर डायफ्रॅम मिटून काम करणाऱ्याला सगळं स्पष्ट दिसतं आणि त्यातलं बरंचसं खोटं असतं. न रंगवलेल्या लघवीच्या नमुन्यात मात्र हाच डायफ्रॅम मिटावा लागतो, नाहीतर मूत्रपिंडाच्या नळ्यांतून आलेले पारदर्शक कास्ट प्रकाशात विरघळून जातात. तिथेही तांबडी पेशी, यीस्ट आणि तेलाचा थेंब या तिघांतला फरक नॉब हलवल्यावरच पटतो; तेलाचा थेंब जसा लखलखतो आणि लगेच काळा पडतो, तशी तांबडी पेशी करत नाही. स्पष्टतेलाच साध्य मानलं तर या खोट्या स्पष्टतेपासून वाचण्याचा मार्गच राहत नाही, कारण ती दिसायला खऱ्यापेक्षा देखणी असते.

मलेरियाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला क्षणही असाच आहे. २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद. रोनाल्ड रॉस अ‍ॅनॉफिलीस जातीच्या डासाच्या जठराची भिंत बघत होते. रॉस यांनी नंतर लिहिलेल्या हकिकतीप्रमाणे घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले होते आणि शेवटच्या उरलेल्या आयपीसला तडा गेलेला होता. त्यांना आधी दिसली ती सुमारे बारा मायक्रॉनची गोल, रेखीव बाह्यरेषा, जठराच्या पेशीच्या मानाने फारच रेखीव. पुढे तशीच आणखी दिसली. एवढ्यावर काही सिद्ध होत नव्हतं. रेखीव वर्तुळं ढीगभर असतात. मग त्यांनी डायफ्रॅम उघडून जास्त प्रकाश घेतला आणि फोकस बदलला. तेव्हा त्या वर्तुळाच्या आत काळ्याभोर कणांचा पुंजका दिसला, माणसाच्या रक्तातल्या मलेरियाच्या जंतूंत असतो तसलाच. डासाच्या शरीरात मलेरियाचा जंतू वाढतो याचा तो पुरावा होता, आणि १९०२ चं नोबेल त्याच्यासाठी. मला या हकिकतीत महत्त्वाचा वाटतो तो क्रम. चांगला फोकस आधीच लागलेला होता, कड 'फारच रेखीव' दिसत होती. शोध लागला तो त्या चांगल्या फोकसमधून बाहेर पडल्यावर. रॉस यांच्याविषयी बोलताना चिकाटीचं कौतुक भरपूर होतं, ते योग्यच आहे. पण चिकाटीने एकाच थराकडे टक लावून बसले असते तर ते कण त्यांना दिसले नसते.

दुसरा आक्षेप फोटोवाल्यांचा. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आयपीसला मोबाइल लावून शंका असलेल्या फील्डचा फोटो ग्रुपवर टाकला की दहा मिनिटांत कुणी ना कुणी जाणकार सांगतोच. सोय मोठी आहे, आडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने काम करणाऱ्याला तर फार मोठी. पण त्या जाणकाराचं उत्तर पाहा. बहुतेकदा ते प्रश्नच असतं: 'वर-खाली करून बघितलं का?' फोटोत एकच पापुद्रा येतो. शिवाय डोळ्याचं एक गुपित असतं. तरुण माणसाचा डोळा स्वतःच थोडा फोकस बदलू शकतो, आयपीसमधून बघताना नकळत बदलतोही. कॅमेऱ्याच्या सेन्सरला ते जमत नाही. म्हणून डोळ्याला स्पष्ट दिसलेलं फील्ड फोटोत अनेकदा मऊ येतं आणि पाठवणारा वैतागतो. मज्जासंस्थेचे अभ्यासक सान्तियागो रामोन इ काहाल यांचं उदाहरण इथे आठवतं. त्यांना छायाचित्रणाचा मोठा नाद होता, रंगीत छायाचित्रणावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. तरी मेंदूतल्या पेशी त्यांनी हाताने चितारल्या. त्यांचे काप जाड, पेशीच्या फांद्या वर-खाली पसरलेल्या. एका फोकसमध्ये एक फांदी, दुसऱ्यात दुसरी. ती चित्रं अनेक थर बघून, मनात जुळवून काढलेली आहेत. १९०६ चं नोबेल ज्या कामासाठी मिळालं त्यातली चित्रं कुठल्याही एका क्षणी भिंगातून दिसत नव्हती, आणि तरीही त्या काळच्या फोटोंपेक्षा ती जास्त खरी होती.

यंत्रांचं काय, असं विचारलं जातं तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात स्कॅनर असतात. आख्खी स्लाइड स्कॅन करून पडद्यावर आणणारी यंत्रं आता मोठ्या रुग्णालयांत आहेत, फोकस ती स्वतः लावतात, आणि आमच्यापेक्षा वेगाने लावतात. मला त्यांच्याशी भांडण नाही. पण त्यांना परवानगी कशासाठी मिळाली हे बघण्यासारखं आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या यंत्रणेला प्राथमिक निदानासाठी मान्यता दिली ती मेणात बसवून कापलेल्या ऊतींच्या पातळ, सपाट कापांसाठी. पेशींच्या स्मिअरसाठी नव्हे. गाठीतून सुईने काढलेल्या पेशी किंवा गर्भाशयमुखाचा पॅप स्मिअर यांत पेशींचे ढिगारे असतात, एकावर एक चढलेले. तिथे एका थराचं स्कॅन पुरत नाही. मग यंत्राला अनेक उंचींवर पुन्हा पुन्हा स्कॅन करायला लावायचं, फाइल तितक्या पटींनी फुगते, वेळही. अगदी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक घ्या, ज्याची कल्पना मार्विन मिन्स्की यांनी मांडून १९५७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला: फोकसबाहेरचा प्रकाश गाळून एकच निर्भेळ थर दाखवणं ही त्याची ख्याती. तो निर्भेळ थर मिळाल्यावर लोक करतात काय? दुसरा घेतात, तिसरा घेतात आणि एकावर एक रचतात. यंत्राने हात काढून घेतला, हलणं नाही काढून घेतलं.

त्याहून टोकदार प्रश्न असा, की आता बघायचंच कशाला? आशाताईंच्या पिशवीत मलेरियाची झटपट चाचणी असते, पट्टीवर रेघ उमटली की झालं. क्षयासाठी गोव्याच्या मोल्बायोने बनवलेलं ट्रूनॅट आहे, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली. ते जंतूचा डीएनए शोधतं आणि सूक्ष्मदर्शकाच्या हातून सुटणारे कितीतरी रुग्ण पकडतं. हे मान्य करायला मला काहीच जड जात नाही. थुंकीच्या मिलिलिटरमागे हजारोंनी जंतू असल्याशिवाय आम्हाला ते दिसत नाहीत, ही आमच्या पद्धतीची मर्यादा जुनीच आहे. पण याच दोन चाचण्या सूक्ष्मदर्शक कशासाठी लागतो तेही दाखवून देतात. झटपट चाचणीतलं फाल्सिपारमचं प्रथिन औषधाने जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळतं, म्हणून रेघ उमटतच राहते. डीएनए मेलेल्या क्षयजंतूचाही सापडतो, म्हणून उपचार लागू पडतो आहे का हे बघायला स्मिअर नाहीतर कल्चर लागतं. रक्तात जंतू किती, कोणत्या अवस्थेतले, काल होते त्यापेक्षा आज कमी आहेत का, हे रेघ सांगत नाही. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे राज्यातल्या मलेरियाचा मोठा भार आहे, 'आहे' आणि 'किती आहे' यांतला फरक डॉक्टरला रोज लागतो.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. हात हलता ठेवणाऱ्याला हवं ते दिसू लागतं. पावसाळ्यात, ताप असलेल्या रुग्णाच्या स्लाइडवर, 'एमपी पॉझिटिव्ह' (मलेरियाचा जंतू आहे) असेलच अशा अपेक्षेने कुणी नॉब फिरवत राहिला तर कुठल्या ना कुठल्या उंचीवर एखादी प्लेटलेट कड्याचा आव आणतेच. हे होतं. यावरचा इलाज कार्यक्रमांनी शोधलेला आहे आणि तो सरळ आहे: स्लाइड ठेवून देणं आणि दुसऱ्याने, पहिल्याचं उत्तर न बघता, पुन्हा वाचणं. त्याने माझा मुद्दा पडत नाही, थोडा नेमका होतो. वर-खाली करणं हे शंका तपासण्यासाठी असेल तर उपयोगी आहे. शंकेला खतपाणी घालण्यासाठी असेल तर घातक. ज्याला फोकस हलल्यावर आपलं मत बदलायची तयारी नाही, त्याने नॉब फिरवला काय आणि न फिरवला काय. कामाचा रेटा असतो, एवढा वेळ कुठला, असंही म्हणतात. सरावलेल्या हाताला यात वेगळा वेळ लागत नाही, स्टेज सरकते तेव्हाच फाइन नॉब मागे-पुढे होत असतो. आणि रेटा इतका असेल की तेवढंही जमत नाही, तर दिवसाला किती स्लाइड वाचाव्यात याच्या मर्यादा ठरलेल्या असतात त्या उगाच नव्हेत.

राहता राहिला अर्जुन. अर्जुनाची गोष्ट चुकीची नाही, ती वेगळ्या कामाची आहे. द्रोणांनी झाडावर पक्षी आधीच बांधून ठेवला होता, तो कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाकी होता तो नेम. आमच्या झाडावर पक्षी आहे की नाही हेच कुणी सांगितलेलं नसतं, आणि बहुतेक झाडांवर तो नसतो. शंभर फील्ड बघून 'निगेटिव्ह' लिहिणाऱ्याला एका डोळ्यावर नजर रोखून चालत नाही. त्याला पानं, फांद्या, आकाश सगळं बघावं लागतं आणि तरीही हात रिकामेच राहतात. नेम धरणं आणि शोधणं ही दोन कामं आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला नेमाचाच सल्ला द्यावा, त्याला माझी हरकत नाही. मात्र शोधण्याच्या कामालाही तोच सल्ला देणाऱ्यांनी हा शब्द भिंगाकडून उचललाय आणि भिंगाची सवय तिथेच सोडून दिलीय, एवढं म्हणायचा हक्क आम्हाला असावा.

हे सगळं मांडायचं कारण शिक्षणात होत असलेला बदल. तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणात आणि परीक्षांत स्लाइडची जागा झपाट्याने फोटो घेत आहेत. पडद्यावर चित्र, खाली चार पर्याय, तीस सेकंद. तपासायला सोपं, सगळ्यांना सारखं, दूरच्या केंद्रावरही घेता येतं. फायदे मला दिसतात. पण त्या चित्रातली कडी निवडणाऱ्याने आधीच निवडलेली असते, फोकस त्याने आधीच लावलेला असतो, आणि विद्यार्थ्याला ज्या कामाचा पगार पुढे मिळणार आहे ते काम प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने करून टाकलेलं असतं. अशी परीक्षा पहिल्या श्रेणीत पास होणारा माणूस स्लाइडवर हात सोडून बसलेला मी बघतो, तेव्हा दोष त्याला देववत नाही. परीक्षा घ्यायचीच तर दोन आयपीस-जोड्यांचा शिकवण्याचा सूक्ष्मदर्शक ठेवावा, एकीकडून परीक्षकाने बघावं. स्लाइड द्यावी तीही थोडी जाड, थोडी वाईट रंगलेली, साका बसलेली, प्लेटलेट असलेली, आणि जमल्यास निगेटिव्ह. उत्तराला निम्मेच गुण द्यावेत, उरलेले निम्मे डाव्या हाताला.